मधोमध ठेवलेली समई

मथुरेची लोण्याच्या रंगाची नवी साडी ज्या दिवशी खराब झाली, त्या दिवशी तिला कुणाच्या प्रेमात वगैरे पडायचं नव्हतं. तिला फक्त दोन शेर शेंगा घ्यायच्या होत्या.

१९६६ साल, कार्तिकातला शेवटचा सोमवार. बेंगळुरूच्या बसवनगुडीला मोठ्या नंदीच्या देवळापाशी भुईमुगाची जत्रा भरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, पायाखाली टरफलांचा कर्रकर्र आवाज आणि हवेत ओल्या मातीचा वास. मथुरा लाड वयानं तेवीस वर्षांची, मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची, आणि भाव करताना कुणाच्या बापाला ऐकायची नाही. एका ढिगापुढं वाकून ती शेंग फोडून बघत होती. तेवढ्यात कानाशी फट्ट आवाज झाला.

ती दचकून वळली. समोर एक उंच, किडकिडीत माणूस. एका हातात फाउंटन पेन, दुसऱ्या हातात फुटलेल्या फुग्याची चिंधी. आणि तिच्या पदरावर निळ्या शाईचे पाच-सहा टपोरे ठिपके!

"अरेच्चा! फुटलं की विश्व!" तो स्वतःशीच म्हणाला.

मथुरेनं कन्नडमध्ये झाडायला तोंड उघडलं होतं. मराठी ऐकून तिनं भाषा बदलली, झाडायचं काही सोडलं नाही.

"विश्व तुमचं फुटलं असेल. साडी माझी होती."

त्यानं पदराकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "चुकलं ओ बाई... फार चुकलं. रविवारी मराठी मंडळात माझं भाषण आहे. विश्व कसं फुगतंय ते दाखवायला फुग्यावर ठिपके काढत होतो. फुगा फुगवला की प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जातो—"

"ते मला ठाऊक आहे. मी मुलींना शिकवते. पण मी आधी ठिपके काढते आणि मग फुगवते."

त्यानं हातातल्या चिंधीकडं पाहिलं. मग अगदी मनापासून म्हणाला, "हे मला सुचलंच नाही की."

आता यावर कुणाला राग धरता येईल? मथुरेला हसू फुटलं. ते लपवायला ती पुन्हा शेंगांकडं वळली. तेवढ्यात पावसाचं बारीक झिमझिम पाणी आलं. बेंगळुरूला ते असंच न सांगता येतं. त्यानं शेंगवाल्याचा रद्दी कागद ओढून तिच्या डोक्यावर धरला. स्वतः मात्र भिजत उभा राहिला.

"नाव काय म्हणायचं तुमचं?"

"परशराम मोरे. गाव खानापूरजवळ. टाटा इन्स्टिट्यूटात संशोधन करतो. घरी परसू म्हणतात."

"आणि मी काय म्हणू?"

"डाग निघेपर्यंत... तुम्ही काहीही म्हणा."

डाग निघाले नाहीत. अजूनही ती साडी ट्रंकेत आहे आणि ठिपके तसेच आहेत. पण ती पुढची गोष्ट.

रविवारी मथुरा भाषणाला गेली. 'शाईचा हिशेब चुकता करायला' असं तिनं स्वतःला सांगितलं. बरोबर तिचे वडील होते; ती त्यांना अण्णा म्हणे. विश्वासराव लाड सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी अंबाबाईची काळ्या दगडाची मूर्ती घोड्यावर घालून या मुलुखात आले, असं घरात सांगत. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात ती मूर्ती होती आणि विश्वासरावांनी तिची एका दिवसाची पूजा कधी चुकवली नव्हती. भाषणाचा विषय होता, 'विश्वाचा आरंभ आणि ईश्वर'. तो ऐकूनच ते कंबर कसून पहिल्या रांगेत बसले होते.

परशराम बोलायला लागला आणि मथुरा बघतच राहिली. जत्रेतला गोंधळलेला माणूस कुठंच दिसेना. आकाशात प्रत्येक दिशेनं एक मंद खरखर ऐकू येते, हे अमेरिकेतल्या दोघांना दोन वर्षांपूर्वी कसं कळलं, ते त्यानं सांगितलं. यंत्रात कबुतरांची घाण साचली म्हणून आवाज येतो असं त्यांना वाटलं. त्यांनी ती घासून काढली, तरी खरखर राहिलीच. "ती विश्वाच्या बाळपणाची ऊब असावी," तो म्हणाला. "विझलेल्या चुलीवर हात धरला तर कळतं ना, इथं जाळ होता म्हणून... तसं."

विश्वासराव उठले. "एकच विचारतो. चूल कुणी पेटवली?"

सभेत हशा झाला. परशराम हसला नाही. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. जाळ किती होता आणि निवायला किती काळ गेला, ते सांगणारं यंत्र माझ्याकडं आहे. उद्या आणखी मागचंही सांगता येईल. पण कुणी पेटवली, की आपोआप पेटली, की हा प्रश्नच चुकलाय... ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. देव आहे म्हणून मी सांगितलं तर थाप होईल, नाही म्हणून सांगितलं तरी थापच."

देव मानणारे नाराज झाले, न मानणारेही नाराज झाले. टाळ्या बेताच्याच पडल्या. घरी जाताना विश्वासरावांनी एकदा वळून सभागृहाकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोरगा खरा आहे. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो. माझ्या ऑफिसात असा एक माणूस नाही."

मथुरेला का कोण जाणे, स्वतःचंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन महिने परशरामला चामराजपेटेकडं रोज काही ना काही काम निघायला लागलं. कधी शाळेतल्या मुलींना फुगा दाखवायचा म्हणून, कधी विश्वासरावांशी वाद घालायचा म्हणून. अंबाबाईपुढं बसून दोघं विश्वाच्या आरंभावर तावातावानं बोलत आणि मथुरा दोनदा कॉफी देऊन जाई. दुसऱ्यांदा कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांशी एक क्षण जास्त रेंगाळत. हे घरात फक्त एका माणसाला दिसत होतं. ती विश्वासरावांची थोरली बहीण सगुणाबाई. तिला सगळे अक्का म्हणत. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली आणि मथुरेची आई गेल्यावर तिला वाढवलेली.

लालबागेतल्या मोठ्या खडकावर एका रविवारी संध्याकाळी मथुरा नि परशराम बसले होते. दगड दिवसभराच्या उन्हानं कोमट झाला होता.

"हा खडक किती जुना आहे, माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"अडीचशे कोटी वर्षं तरी असेल. मी शिकवते, म्हटलं ना."

"तुमच्यापुढं काही बोलायची सोयच नाही."

"मग मला माहीत नाही असं काहीतरी बोला."

तो खडकावरची एक बारीक चीर बोटानं कोरत राहिला. "मला उटीला बोलावणं आलंय. डोंगरावर रेडिओ दुर्बीण बांधायची आहे. फेब्रुवारीच्या पाच तारखेला तिथं हजर व्हायचं... दोन-तीन वर्षं तिथंच." तो थांबला. "एकटं जायचं नाही मला. हे माहीत होतं?"

मथुरा एरवी वर्गातल्या चाळीस मुलींना एका आवाजात गप्प करायची. तिला आता स्वतःचा आवाज सापडेना. तिनं नुसती मान खाली घातली आणि पदराचं टोक त्याच्या हाताजवळ खडकावर पडू दिलं. त्यानं ते उचललं नाही, फक्त त्यावर हात ठेवला.

आता मांडवात बसायलाच हवं होतं की नाही? पण लाडांच्या घरात मुलगी देताना एक रीत होती. देवीचा कौल घ्यायचा. शुक्रवारी सकाळी अबोलीची दोन फुलं, ज्यांना ते कनकांबर म्हणत, पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार. बारा वाजेपर्यंत एकही पडलं नाही तर देवीनं मौन धरलं, आणि मग ते स्थळ पुन्हा काढायचं नाही. मथुरेसाठी आधी दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा डावं फूल पडलं होतं आणि मथुरेनं मनातल्या मनात देवीचे आभार मानले होते.

"तीन तारखेला शुक्रवार आहे," विश्वासराव परशरामला म्हणाले. "कौल मिळाला तर माझ्याकडून ना नाही. नाही मिळाला तर... वाईट वाटून घेऊ नका. घरची रीत आहे."

त्याच आठवड्यात बुधवारी शाळा सुटल्यावर परशराम फाटकाशी उभा होता. चेहरा नुसता उजळलेला.

"काळजी सोडा! कौल उजवाच मिळणार."

"देवीनं कळवलं का तुम्हाला?"

"समईनं कळवलं! तुमच्याकडं समई देवीच्या उजव्या अंगाला असते. त्या बाजूचं फूल ऊब लागून आधी वाळतं, पाणी आटतं, फूल सुटतं. मी वसतिगृहात प्रयोग केला. आचाऱ्याचा वरवंटा मागून घेतला, उभा केला, दोन्ही बाजूंना फुलं लावली. चाळीस वेळा केलं. छत्तीस वेळा समईकडचंच आधी पडलं! शुक्रवारी फक्त वात स्वल्प मोठी ठेवा..."

तो बोलायचा थांबला, कारण मथुरेचा चेहरा उतरला होता.

"अण्णांना तुम्ही का आवडलात, ठाऊक आहे?" ती हळू म्हणाली. "तुम्ही भर सभेत म्हणालात, कुणी पेटवली ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. आणि आता त्यांच्या देवीच्या तोंडून हवं ते वदवून घ्यायला निघालात. वरवंटा घेऊन!"

"पण मथुरा... लग्न व्हायला हवंय ना तुम्हाला?"

"हवंय!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणूनच तर. जन्मभर अण्णा म्हणतील देवीनं दिलं, आणि मला ठाऊक असेल की वातीनं दिलं. खोट्या कौलावर मला संसार नको."

तो घाईघाईनं काही म्हणणार होता, पण ती निघून गेली. आणि गंमत बघा, घरी जाईपर्यंत तिचा राग विरला, पण चिंता वाढली. समई उजवीकडं ठेवावी तर लबाडी. डावीकडं ठेवावी तर स्वतःच्या पायावर धोंडा. शेवटी विज्ञानाच्या बाईला शोभेल असा उपाय तिनं काढला.

शुक्रवारी पहाटेच अंघोळ करून ती देवघरात गेली. बाहेर दाट धुकं होतं. फरशी पुसताना तिला दगडावर समईच्या बुडाच्या दोन काळपट गोल खुणा दिसल्या, एक उजवीकडं आणि एक डावीकडं. डावीकडं कशी, हा प्रश्न मनात आला आणि घाईत तसाच राहिला. तिनं शाळेची फूटपट्टी काढली. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांपासून अंतर मोजलं आणि समई बरोबर मधोमध, जरा पुढं ठेवली. एक इंचही इकडंतिकडं नाही. आता ऊब दोघांना सारखी. आता देवीला काय सांगायचं ते सांगू दे.

विश्वासरावांनी फुलं लावली आणि हात जोडून बसले. परशराम धोतर नेसून दाराशी बसला होता. समई मधोमध बघून तो चमकला. मग त्यानं मथुरेकडं पाहिलं आणि मान किंचित लववली. त्या मान लववण्यात माफी होती. मथुरेला ती कळली.

आठ वाजले. नऊ वाजले.

फुलं हलेनात.

दहाच्या सुमाराला मथुरेनं घड्याळाकडं पाहिलं. वर्गात हजारदा शिकवलेली गोष्ट तिला आत्ता आठवली. दूर मध्यावर ठेवलेल्या दिव्याची ऊब दोघांना सारखी लागते खरी, पण दोघांनाही पुरेशी लागत नाही! त्यात धुक्याची ओल, दगड घामेजलेला... फुलं बारापर्यंत वाळणारच नव्हती. देवीला मोकळीक द्यायला जाऊन तिनं देवीचं तोंडच बंद करून ठेवलं होतं. तिनं परशरामकडं पाहिलं. तोही तेच मोजत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हात लांब केला असता तर समई सरकली असती. दोघांनीही हात मांडीवरून उचलला नाही.

साडेअकरा वाजता अक्का स्वयंपाकघरातून आली. तिनं फुलांकडं पाहिलं, मग समईकडं.

"ही मधे कुणी ठेवली?"

"मी," मथुरा म्हणाली. "देवीला मोकळीक असावी म्हणून."

"अगं खुळे!" अक्कानं कपाळावर हात मारला. "मोकळीक देवीला कशाला हवी? तुला हवी ना!" आणि ती धपकन खाली बसली. "विश्वास, आज बोलते. मागल्या दोन्ही वेळी समई मी डावीकडं सरकवली होती."

विश्वासरावांनी डोळे उघडले. "काय म्हणतेस अक्का?"

"त्या तंजावरच्या स्थळाला पोहे देताना हिचा चेहरा बघितला होतास? मी बघितला होता. तुम्ही बाप्ये देवीला विचारता. पोरीला कोण विचारतो?" अक्कानं पदर आवळून घेतला. "माझ्या वेळी माझ्या मनात नव्हतं रे. पंधरा वर्षांची होते. समई उजवीकडं होती, फूल उजवीकडं पडलं. सगळे म्हणाले देवीचा होकार. मी काय बोलणार? पुढं रोज देवघर पुसता पुसता मला समईचं गुपित कळलं... तोवर माझं कुंकू गेलं होतं. त्या दिवशी ठरवलं, या घरातल्या पोरीचा चेहरा बघितल्याशिवाय समई ठेवायची नाही."

 वातीचा तडतड आवाज तेवढा येत होता. मथुरेनं अक्काचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, आपण देवीचे आभार मानले ते चुकीच्या ठिकाणी मानले... आणि मग वाटलं, चुकीच्या तरी कसे?

परशराम पुढं सरकला. "अण्णा, मलाही सांगायचंय. समईचं मला कळलं होतं. वरवंट्यावर प्रयोग करून बघितला मी. वात मोठी करायला मथुराला सांगितलं. ती रागावली म्हणून वाचलो."

विश्वासरावांनी एकेकाकडं पाहिलं. साठीला आलेला तो माणूस एकाएकी फार थकलेला दिसला. ज्या देवीला आयुष्यभर विचारत आलो तिची उत्तरं समईची होती, बहिणीची होती... मथुरेला वाटलं, आता हे उठून जातील.

"मोरे," ते म्हणाले, "तुमचं शास्त्र काय म्हणतं? आजवरचे कौल कुणाचे?"

"फूल कसं पडतं ते सांगेन, अण्णा. पाणी, ऊब, वजन. पण समई सरकवायचं अक्कांच्या मनात कुणी घातलं... ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही."

विश्वासराव मूर्तीकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "नाही ना? मग ते माझ्याकडं असू दे." ते मथुरेकडं वळले. "बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. देवी गप्प आहे. तू बोल."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.  लालबागेत आवाज सापडला नव्हता तसाच आत्ताही सापडेना. अक्कानं तिच्या हातावर हात दाबला. त्या सुरकुतलेल्या हाताला पंधराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं.

"मला यांच्याशी लग्न करायचंय, अण्णा," मथुरा म्हणाली. आवाज चाळीस मुलींच्या वर्गात जाईल एवढा मोठा निघाला. "समई कुठंही असली तरी."

विश्वासरावांनी देवीपुढं डोकं टेकलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "कौल मिळाला."

बारा वाजून गेले तरी दोन्ही फुलं तिथंच होती. शेवटी अक्कानं ती हातानं काढली आणि दोन्ही मथुरेच्या वेणीत खोवली, एक इकडं, एक तिकडं.

परशरामला त्याच दुपारी दोनच्या बसनं म्हैसूरला जायचं होतं. तिथून उटीला. सामान पुढं गेलं होतं. मथुरा त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. धुकं केव्हाच उठलं होतं. अंगावर तिनं तीच ठिपक्यांची साडी नेसली होती. त्याच्या ते आत्ता लक्षात आलं.

"ही नेसलीस?" त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघून गेलं आणि कान पुन्हा लाल झाले.

"मौन पडलं असतं तर तुमची एवढीच खूण राहिली असती माझ्याकडं." तिनं डोळे वर केले. "डाग काही निघाले नाहीत हं... परसू."

तो हातातली पिशवी विसरून तिच्या वेणीकडं बघत राहिला. "यातलं उजवं फूल कुठलं?"

"माझ्याकडून बघायचं की तुमच्याकडून?"

त्यानं एकदा समोरून पाहिलं, एकदा मागून पाहिलं. तो उभा राहिला आणि तीही उभी राहिली. दोनची म्हैसूरची बस परशराम मोरेला न घेताच गेली.